गाडीची किल्ली खाली ठेवताना
कंपवाताचे रुग्ण आणि वाहन चालविणे : एक अभ्यासलेख



वार्षिक अहवालात वर्षभराचे कामकाज आणि जमाखर्च मांडण्याबरोबरच एखाद्या आजाराविषयी सविस्तर लेख देण्याचा आमचा परिपाठ आहे. रुग्णांच्या कुटुंबीयांनी हा लेख घरी जपून ठेवावा, प्रसंगी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवावा आणि आपल्या देणगीतून चालणारी रुग्णसेवा नेमकी कोणत्या प्रश्नांना सामोरी जाते हे देणगीदारांनाही कळावे, असा त्यामागील हेतू असतो. यंदा आम्ही कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, हा विषय घेतला आहे. आणि त्याचेही एकच अंग. हा आजार वाढत जात असताना वाहन चालविणे केव्हा व कसे थांबवावे, आणि थांबविल्यानंतर पुढे काय करावे?

प्रथमदर्शनी हा विषय वैद्यकीय वाटणार नाही. पण अंबड तालुक्यातील जीवन डोळ्यांसमोर आणावे. शेत गावापासून दूर, मोसंबीची बाग त्याहून आडवाटेला. कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्रपाळीची, म्हणजे पाणी धरण्यासाठी अंधारात निघणे आले. आठवडी बाजार, बँक, तहसील, लग्नकार्य, नवरात्रात मत्स्योदरी देवीचे दर्शन आणि महिन्या-दोन महिन्यांनी दवाखाना, या सर्वांना जोडणारा एकच धागा असतो : घरासमोर उभी असलेली मोटारसायकल. ज्याच्या हाती तिची किल्ली, त्याच्या हाती स्वतःचा दिवस. ती किल्ली एकदा खाली ठेवली की माणसाचे जग एकदम आखडते. म्हणून हा प्रश्न आम्ही औषधोपचाराइतकाच महत्त्वाचा मानतो.

एका रुग्णाने दिलेला धडा

हे महत्त्व आम्हांला पुस्तकाने शिकविले नाही. शहागड रस्त्यावरील एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक आमच्या बाह्यरुग्ण विभागात येत असत. त्यांची ओळख कळू नये म्हणून काही तपशील गाळतो आणि त्यांना केवळ ‘गुरुजी’ म्हणतो. दर दोन महिन्यांनी स्वतःच्या मोटारसायकलवर, पत्नीला मागे बसवून ते येत. आजार पाच वर्षांचा होता, गोळ्यांनी बराच आटोक्यात होता. एका हिवाळ्याच्या संध्याकाळी, उसाचा हंगाम चालू असताना, रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्यांना अगदी जवळ जाईपर्यंत दिसलीच नाही. गाडी घसरली, दोघांना खरचटले, जीव वाचला. आठ दिवसांत मुलांनी गाडी विकून टाकली. मुलांच्या काळजीत खोट नव्हती.

पुढच्या तारखेला गुरुजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. पाच महिन्यांनी त्यांना रिक्षातून उचलून आणावे लागले. शरीर लाकडासारखे ताठ, आवाज घशात अडकलेला, घास गिळणे अवघड. गोळ्या संपत आल्या तशा त्यांनी आधी अर्ध्या केल्या होत्या, मग त्याही संपल्या. धाकट्या मुलाला वाटत होते की वडील गोळ्या कोणाकडून तरी मागवून घेत असतील. गुरुजींना वाटत होते की मुलाचा कामाचा दिवस मोडायला नको. आम्ही विचारल्यावर ते इतकेच म्हणाले, “रोज उठून कोणाला म्हणायचं, मला घेऊन चल?”

त्यानंतर आम्ही त्यांचा जुना केसपेपर काढून पाहिला. त्यात गोळ्यांचे प्रमाण होते, रक्तदाब होता, हाताच्या कंपाची नोंद होती. हा रुग्ण दवाखान्यात कसा येतो, आणि उद्या त्याला गाडी चालविता आली नाही तर कसा येईल, याविषयी पाच वर्षांत एक ओळही आम्ही लिहिलेली नव्हती. कुटुंबाने किल्ली काढून घेतली, पण रस्ता दिला नाही. आणि आम्ही तर त्या रस्त्याची चौकशीच केली नव्हती. हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहिला आहे.

आजाराची ओळख

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन केले. त्यांनी सहा रुग्णांचे वर्णन लिहिले असून त्यांतील काहींना तर त्यांनी रस्त्यावर जाता-येता पाहिले होते. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा आज जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. आयुर्वेदाला ‘कंपवात’ हे नाव पूर्वीपासून परिचित आहे. आपल्या पु. ल. देशपांडे यांनाही हा आजार होता. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक मराठी घरांत या आजाराचे नाव प्रथमच उच्चारले गेले असेल.

मेंदूच्या खोल भागात गडद रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. आपण मनात आणलेली हालचाल सहज, योग्य वेगाने आणि विनासायास घडावी, यासाठी हे रसायन लागते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. लक्षणे दिसू लागतात तोवर त्यांपैकी बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. हालचाल मंदावणे, अंग ताठरणे, हात स्थिर असताना थरथरणे आणि पुढे तोल जाणे ही याची चार प्रमुख लक्षणे. आजार वाढत जाणारा आहे, तो समूळ बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु लिव्होडोपा आणि इतर औषधांनी रुग्णाला अनेक वर्षे चांगले आयुष्य जगता येते. निदान झाले म्हणजे सारे संपले, असे मुळीच नाही. त्याचप्रमाणे, निदान झाले म्हणजे त्याच दिवशी गाडी बंद, असेही नाही. सुरुवातीच्या काळात अनेक रुग्ण सुरक्षितपणे वाहन चालवू शकतात. प्रश्न असतो तो ‘केव्हापर्यंत’ याचा.

थरथर फसवी असते

घरच्यांचे लक्ष साहजिकच हाताच्या कंपाकडे जाते. “हात कापतो, गाडी कशी धरणार?” असे ते विचारतात. वस्तुतः या आजारातील कंप मुख्यतः हात विसावलेला असताना दिसतो. हँडल घट्ट धरले की तो बहुधा कमी होतो. त्यामुळे केवळ कंप पाहून गाडी बंद करणे जसे घाईचे ठरेल, तसे कंप नाही म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे ठरेल. रस्त्यावर धोका निर्माण करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत.

पहिली गोष्ट मंदपणा. समोर म्हैस आडवी आली हे डोळ्यांनी पाहिले, मेंदूने जाणले, तरी पाय ब्रेकवर जाण्यास क्षणभर उशीर होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा उशीर हा सात मीटरांचा उशीर असतो, आणि अपघात होणे व टळणे यांतील अंतर पुष्कळदा तेवढेच असते.

दुसरी गोष्ट दृष्टी. या आजारात तक्त्यावरील अक्षरे नीट वाचता येत असतानाही फिक्या आणि गडद रंगांतील फरक ओळखण्याची क्षमता कमी होते. तिन्हीसांजेला धूसर रस्त्यावर उभी असलेली, मागे दिवा किंवा चमकपट्टी नसलेली उसाची ट्रॉली अशा डोळ्यांना पार्श्वभूमीत मिसळून गेलेली दिसते. गुरुजींच्या बाबतीत हेच घडले असावे. चष्म्याचा नंबर बदलून हा दोष जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट अवधान. एकाच वेळी आरशात पाहणे, वळणाचा दिवा लावणे, समोरच्या एसटीचा अंदाज घेणे आणि गियर बदलणे, अशी अनेक कामे मेंदूला एकत्र सांभाळावी लागतात. कंपवाताच्या रुग्णाला प्रत्येक काम सुटे सुटे जमते, पण सर्व एकदम करताना गडबड उडते. म्हणून ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर उत्तम गाडी चालविणारा रुग्ण जालन्याच्या गर्दीत गोंधळतो. “गावात तर चालवतात की!” हा युक्तिवाद म्हणूनच पुरेसा नाही.

दुचाकीचा प्रश्न अधिक बिकट

या विषयावरील परदेशी लेखन मुख्यत्वे चारचाकीविषयी आहे. आपल्याकडे प्रश्न दुचाकीचा आहे आणि तो अधिक कठीण आहे, कारण दुचाकी नुसती चालवावी लागत नाही, ती तोलावी लागते. एक उद्बोधक उदाहरण येथे देतो. २०१० साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात ५८ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. चार पावले टाकताना त्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत आणि तो पडे. पण सायकलवर बसला की तो अगदी सफाईने दूरवर जाऊन वळून परत येई. खाली उतरला की पुन्हा तीच अवस्था!

यातून असे दिसते की पायडल मारण्यासारखी लयबद्ध हालचाल मेंदू वेगळ्या रीतीने सांभाळतो. याचा एक अर्थ दिलासा देणारा आहे : दवाखान्यात जागेवर बसून पायडल मारण्याची सायकल हा या रुग्णांसाठी चांगला व्यायाम ठरतो. दुसरा अर्थ सावध करणारा आहे. चालत्या गाडीवर तोल सांभाळता येतो म्हणून रुग्णाला वाटते की आपल्याला काही झालेले नाही. संकट येते ते वेग कमी करताना, थांबताना, पाय खाली टेकताना आणि खडीच्या उतारावर वळताना. पाय वेळेवर जमिनीवर आला नाही की गाडी, चालविणारा आणि मागे बसलेली व्यक्ती एकदम आडवी होतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत क्लच व ब्रेकला लागणारा जोर, उंचावरून चढ-उतार आणि मागे फिरणारी यंत्रे यांचा धोका आणखी वेगळा. शेतातच चालवायचा आहे म्हणून तो निर्धोक समजू नये.

औषधे आणि अचानक झोप

लिव्होडोपाची गोळी घेतल्यावर काही वेळाने अंग मोकळे होते, पुढे परिणाम ओसरतो आणि पुन्हा जडपणा येतो. आजार जुना झाला की हे चढउतार ठळक होतात. सकाळी दहा वाजता उत्तम गाडी चालविणारा माणूस दुपारी एक वाजता तीच गाडी स्टँडवरून काढू शकत नाही. म्हणून ‘चालवू शकतात का?’ या प्रश्नासोबत ‘गोळी घेऊन किती वेळ झाला?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

प्रॅमिपेक्सॉल आणि रोपिनिरोल या औषधांविषयी विशेष सावधगिरी हवी. १९९९ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी ही औषधे घेणाऱ्या आठ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गाडी चालवितानाच त्यांना झोप लागली होती व अपघात झाले होते. ही औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ नव्हे. योग्य रुग्णाला ती फार उपयोगी पडतात. परंतु ती नव्याने सुरू केल्यावर अथवा त्यांचे प्रमाण वाढविल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाहन चालवू नये. बोलता बोलता, जेवता जेवता डुलकी लागत असेल तर गाडीला हात लावू नये आणि आम्हांला त्वरित सांगावे. कंपासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने वयस्कर रुग्णांना अंधुक दिसू शकते व विसरायला होते, हेही लक्षात असावे.

याउलट, गाडी चालविता यावी म्हणून अगर झोप येते म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करणे सर्वांत धोक्याचे. या आजारातील औषधे एकाएकी तोडल्यास अंग पराकोटीचे ताठरणे, तीव्र ताप व भ्रम असा जिवावर बेतणारा प्रसंग उद्भवू शकतो.

मागे बसणाऱ्याची साक्ष

वाहन सुरक्षितपणे चालते की नाही, हे आमच्या तपासणीच्या टेबलावर पूर्णपणे कळत नाही. घड्याळाचे चित्र काढणे, आकडे व अक्षरे क्रमाने जोडणे अशा चाचण्यांनी अंदाज येतो. खरी परीक्षा रस्त्यावरच होते. आणि त्या परीक्षेचा परीक्षक प्रत्येक घरात हजर असतो. तो म्हणजे मागे बसणारी व्यक्ती. गुरुजींच्या पत्नींनी आम्हांला नंतर सांगितले, “वर्षभर गाडी यांच्या हातून कडेला सरकत होती. मी मागून सांगायची, तर म्हणायचे रस्ताच खराब आहे.” ही साक्ष आम्ही वर्षभर आधी मागितली असती तर ती संध्याकाळ टळली असती.

यासाठी कुटुंबीयांनी पुढील खुणांवर लक्ष ठेवावे :

– गाडी नकळत एका बाजूला सरकणे, खड्डा किंवा गतिरोधक उशिरा लक्षात येणे.
– थांबताना पाय उशिरा टेकणे, गाडी जागेवर कलंडणे.
– वळताना आरशात किंवा मागे पाहण्याचे विसरणे. मान वळविणे अवघड होणे.
– ब्रेक व क्लच यांची गल्लत होणे, गियर बदलण्यास वेळ लागणे.
– ओळखीचा रस्ता चुकणे, फाट्यावर घोटाळणे.
– गाडीवर नवे ओरखडे दिसणे आणि त्यांचे कारण सांगता न येणे.
– मागे बसण्यास घरची मंडळी कचरू लागणे.

शेवटची खूण आम्हांला सर्वांत विश्वासार्ह वाटते. नातवाला आजोबांच्या गाडीवर पाठवायला सून काहीतरी सबब सांगू लागली, तर त्या सबबीमागील भीती घराने उघडपणे बोलली पाहिजे.

टप्प्याटप्प्याने थांबणे

एका दिवसात गाडी विकणे आणि अपघात होईपर्यंत वाट पाहणे, या दोन टोकांमध्ये एक मधली वाट आहे. निदान झाल्यापासूनच तिची तयारी करावी.

पहिला टप्पा : रात्रीचे व तिन्हीसांजेचे वाहन चालविणे बंद. उसाच्या हंगामात हा नियम कटाक्षाने पाळावा. रात्रपाळीच्या विजेसाठी शेतावर जाण्याची जबाबदारी घरातील दुसऱ्याने घ्यावी.

दुसरा टप्पा : महामार्ग व शहरातील गर्दी बंद. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचे ते एसटीने.

तिसरा टप्पा : मागे कोणाला बसविणे बंद, गाडी केवळ गाव ते शेत आणि तीही गोळीचा परिणाम चांगला असण्याच्या वेळेत.

चौथा टप्पा : पूर्ण थांबणे. वरील खुणांपैकी एखादी वारंवार दिसू लागली, अथवा एकदा जरी झोप लागली, तर मधले टप्पे न मोजता येथेच यावे.

दर सहा महिन्यांनी रुग्ण, कुटुंबीय व डॉक्टर यांनी एकत्र बसून कोणत्या टप्प्यावर आहोत ते ठरवावे. निर्णयाच्या वेळी रुग्णाला बाहेर बसवून मुलांशी बोलण्याची पद्धत आम्ही आता बंद केली आहे. ज्याने चाळीस वर्षे घर ओढले, त्याच्याविषयीचा निर्णय त्याच्या पाठीमागे होता कामा नये. किल्ली काढून घेतली जाणे आणि ती आपल्या हाताने मुलाच्या हाती देणे, यांत त्या माणसाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परवान्यासाठी अर्ज करताना आपल्या प्रकृतीविषयी स्वयंघोषणा करावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वयाच्या ५५ वर्षांपुढे नूतनीकरण केलेला खासगी वाहनाचा परवाना पाच वर्षांसाठी असतो. आजारामुळे एखादी व्यक्ती वाहन चालविण्यास अपात्र झाल्याचे सबळ कारण असल्यास परवाना रद्द करण्याचा अथवा वैद्यकीय दाखला मागण्याचा अधिकार कलम १६ अन्वये परवाना अधिकाऱ्यास आहे. स्वतःच्या आजारामुळे इतरांना धोका होईल हे ठाऊक असूनही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणे हा कलम १८६ खालील गुन्हा असून त्यास पहिल्या वेळी एक हजार व नंतर दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

ब्रिटनमध्ये कंपवाताचे निदान झाल्यावर वाहनचालकाने परवाना कार्यालयास कळविणे बंधनकारक आहे; तेथे पुष्कळांना मर्यादित मुदतीचा परवाना देऊन ठरावीक काळाने फेरतपासणी होते. आपल्याकडे पाच वर्षांनी येणाऱ्या नूतनीकरणाची वाट पाहत बसता येणार नाही, कारण आजार तेवढा थांबत नाही. परवान्यावरची तारीख शिल्लक आहे म्हणून क्षमताही शिल्लक आहे, असे समजू नये. डॉक्टरांकडून केवळ औपचारिकता म्हणून दाखला मागू नये, ही नम्र विनंती.

गाडी हीच ज्यांची रोजीरोटी

रिक्षा, जीप अथवा ट्रक चालविणाऱ्या रुग्णांचा प्रश्न याहून कठोर आहे. त्यांना थांबण्यास सांगणे म्हणजे चूल विझविण्यास सांगण्यासारखे वाटते आणि म्हणूनच ते लक्षणे दडवितात, खिशात हात घालून आमच्यासमोर बसतात. त्यांना आमचे सांगणे असे की, आजार लवकर सांगितला तर बदलासाठी वेळ मिळतो. गाडी मालकीची असल्यास चालक ठेवून हिशेब स्वतः पाहणे, गॅरेज वा सुट्या भागांच्या दुकानात काम करणे, मुलाला अथवा भावाला परवाना काढून देणे, हे मार्ग दोन वर्षे हाताशी असताना जमतात. अपघातानंतर जमत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सन्सच्या आजाराचा स्पष्ट समावेश आहे. दिव्यंगत्वाचे प्रमाण ४० टक्के वा अधिक ठरल्यास प्रमाणपत्र व त्यावर आधारित सवलती मिळू शकतात. हे अर्ज भरण्यास आमचे समाजसेवा कार्यकर्ते मदत करतात.

प्रवासाच्या सवलतींचाही लाभ घ्यावा. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मेच भाडे लागते, त्यामुळे सोबत येणाऱ्या पत्नीचा वा मुलीचा खर्च कमी होतो. बसची पायरी उंच असते. चढताना गोळीची वेळ सांभाळावी आणि वाहकाला आधीच सांगावे. आणखी एक गोष्ट आम्हांला आनंदाने नमूद करावीशी वाटते. अलीकडे काही घरांत सुना-मुली स्कूटी शिकल्या आहेत. आजवर मागे बसणारी आता पुढे बसते आणि रुग्ण मागे. या बदलाची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

हेच विवेचन बहुतांशी इतर वाढत्या आजारांनाही लागू पडते. काचबिंदूत कडेची दृष्टी रुग्णाच्या नकळत जाते. मधुमेहात डोळ्यांचा पडदा आणि तळपायाची संवेदना दोन्ही बाधित होतात. त्या रुग्णांनीही वरील टप्प्यांचा विचार करावा. रुग्ण व कुटुंबीयांना समदुःखी मंडळींशी बोलावेसे वाटल्यास पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्थांचे काम जाणून घ्यावे.

आम्ही काय बदलले, आणि विनंती

गुरुजींच्या प्रसंगानंतर आम्ही तीन साध्या गोष्टी सुरू केल्या आहेत. दीर्घ आजाराच्या प्रत्येक केसपेपरवर ‘येण्याचे साधन’ आणि ‘सोबत कोण’ हे दोन रकाने छापले आहेत. गाडी थांबविण्याचा सल्ला दिला, त्याच दिवशी पुढील भेटीला रुग्ण कसा येणार हे लिहून घेतल्याशिवाय केसपेपर बंद होत नाही. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतो, आणि ठरलेल्या तारखेला रुग्ण आला नाही तर दुसऱ्या दिवशी घरी दूरध्वनी करतो. या तिन्ही गोष्टींना खर्च जवळपास नाही. आधी सुचल्या नाहीत, एवढेच.

चौथ्या गोष्टीला मात्र खर्च आहे. शहागड आणि घनसावंगी या दोन्ही बाजूंच्या गावांतील वृद्ध रुग्णांना आठवड्यातून एक दिवस रुग्णालयात आणून परत सोडणारे वाहन असावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. देणगीदारांनी आजवर खाटा दिल्या, यंत्रे दिली, औषधे दिली. त्यांचे ऋण आम्ही विसरू शकत नाही. पण ज्याने गाडीची किल्ली खाली ठेवली आहे, त्याला खाटेपर्यंत आणि औषधापर्यंत पोचविणारा रस्ता हीसुद्धा रुग्णसेवाच आहे. आपण या प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करावा.

वाचकांना साहजिकच गुरुजींविषयी जाणून घ्यावेसे वाटेल. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ते काठीच्या आधाराने चालू लागले. गेलेले सर्वच परत आले नाही. आवाज अजून क्षीण आहे. गाडी त्यांनी पुन्हा मागितली नाही. आता ते पत्नीसह एसटीने येतात, सकाळची गोळी घेऊन, पहिल्या बसने. मागील भेटीत त्यांनी आमच्या नव्या केसपेपरवरील ‘येण्याचे साधन’ हा रकाना वाचला, खिशातून पेन काढले आणि बारीक झालेल्या, थोड्या थरथरत्या अक्षरांत स्वतःच लिहिले : “एसटी. सोबत : घरचे.” शिक्षकाने तपासलेल्या वहीप्रमाणे तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

आपले स्नेहांकित,
रुग्णालयातील वैद्यकीय व समाजसेवा विभाग, अंबड